मेधाताईचा राग

मेधाताई गेल्याचं कळलं ते अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. माझ्या मुलीला, रेवाला, शाळेच्या बसमध्ये बसवून घरात आले, फोन उचलला आणि मेसेज दिसला. झोपेतच गेली, हार्ट अटॅकनं. खाली जोडलेल्या हातांची रांग आणि प्रत्येकाचं तेच... ‘किती शांत स्वभावाच्या होत्या’, ‘कधी आवाज चढवला नाही’. पुढच्या रविवारच्या शोकसभेतही तेच. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते आणि डोकं तापत होतं. काही आठवडे उलटले तरी ते शांत झालेलं नाही. मेधाताई शांत नव्हती हो! ती चिडायची, भांडायची, भर रेस्टॉरंटमध्ये मॅनेजरला बोलावून घ्यायची. आणि ती ज्यावर चिडायची, त्यावर आपण सगळ्यांनीच चिडायला हवं होतं. माणूस गेल्यावर त्याला असं गोड करून टाकायचा हक्क यांना कुणी दिला?

मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रेवा तीन वर्षांची होती, ईशान जेमतेम वर्षाचा. मंदार, माझा नवरा, ऑफिसच्या कामासाठी दुसऱ्या राज्यात, प्लेनोला गेला होता. आठवडाभर दोघांचं एकटीनं करून मी थकले होते आणि मला दुसऱ्या कुणीतरी केलेला डोसा खायचा होता, एवढंच. दोन्ही मुलांना कारसीटमध्ये बांधलं आणि निघाले. रेस्टॉरंट आपल्याच लोकांचं. मॅनेजरनं दारातच मुलांकडे पाहिलं आणि निम्म्याहून जास्त जागा रिकामी असताना आम्हाला टॉयलेटच्या दाराशेजारचं टेबल दिलं. ईशानला बसवायला हाय चेअर मागितली तर म्हणाला, “सगळ्या वापरात आहेत.” अख्ख्या हॉलमध्ये आमच्याशिवाय एकही लहान मूल नव्हतं.

ईशान मांडीवर. त्यानं हात मारला आणि सांबाराची वाटी खाली गेली. रेवा घाबरून रडायला लागली. पलीकडच्या लांब टेबलावर मराठी मंडळींचा मोठा ग्रुप बसला होता. त्यातली एक बाई, मला ऐकू जावं म्हणूनच असेल, मराठीत म्हणाली, “एवढी लहान मुलं आहेत तर टेकआउट घ्यावं ना, यार. बाकीच्यांची संध्याकाळ कशाला घालवायची?” कुणीतरी हसलं. मी वाकून टिश्यूनं सांबार पुसत होते... वर बघायची हिंमतच नव्हती. तेवढ्यात त्याच टेबलावरून आखूड पांढऱ्या केसांची एक बाई उठली. तिनं आपली उत्तप्याची प्लेट उचलली, पाण्याचा ग्लास उचलला आणि सरळ माझ्यासमोर येऊन बसली.

“मी बसू का इथे? तिकडे फार गोंगाट आहे,” ती म्हणाली. लांब टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. मग ईशानला माझ्याकडून घेतलं. “तू आधी जेव. गरम आहे तोवर.”

मी शेवटचं गरम काही कधी खाल्लं होतं, मला आठवेना. डोसा खाता खाता मला रडू आलं. ती माझ्याकडे न बघता ईशानला इडलीचा तुकडा भरवत राहिली.

त्यानंतर ती आमच्या घरचीच झाली. एका औषध कंपनीतून रिटायर झालेली, एकटी राहायची. मुलगा निखिल सिअ‍ॅटलला. शनिवारी संध्याकाळी ती आम्हाला बाहेर जेवायला न्यायची, मग हळूहळू आमच्यासारखी आणखी दोन-तीन जोडपी यायला लागली. त्यांचे आई-वडील भारतात, मूल कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न रोजचाच. ती आईच्या हातातून मूल काढून घ्यायची. एकदा ईशान रडायला लागला म्हणून मी त्याला घेऊन पार्किंग लॉटमध्ये चकरा मारत होते आणि मंदार आत जेवत होता. ती बाहेर आली, मला आत पाठवलं आणि मंदारला म्हणाली, “ऊठ. आज तुझी बिर्याणी गार होऊ दे.” मंदार ओशाळला, पण उठला. तेव्हापासून आम्ही पाळी लावली. एका जागी दारावर पाटी होती, संध्याकाळी पाच वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. मेधाताईनं मॅनेजरला विचारलं, “आणि ते बारमधले ओरडताहेत, त्यांचं वय काय?” पाटी तशीच राहिली. आम्ही तिथे परत गेलो नाही.

एवढा राग कुठून येतो, मी एकदा विचारलं. परतताना गाडीत होतो, मुलं मागे झोपली होती. तेव्हा तिनं सांगितलं. निखिल चार वर्षांचा असताना तिचे वडील मिरजेहून आले होते, आयुष्यात एकदाच. तिनं त्यांना मोठ्या हॉटेलात नेलं. त्यासाठी वडिलांनी नवा शिवलेला कोट घातला होता. निखिलनं चमचा प्लेटवर दोन-चारदा वाजवला. शेजारच्या टेबलानं तक्रार केली. मॅनेजर आला आणि हसून म्हणाला, आज इथे तुम्हाला कम्फर्टेबल वाटणार नाही. ऑर्डरसुद्धा घेतली नव्हती. “बाबा उभे राहिले आणि त्याला सॉरी म्हणाले गं,” मेधाताई म्हणाली. “छत्तीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस. त्या पोरगेल्या मॅनेजरला सॉरी. आणि मी गप्प बसले.” त्यानंतर वडील अमेरिकेत कुठेही बाहेर जेवायला आले नाहीत. परत गेले, आणि दोन वर्षांनी वारले.

गेल्या आठवड्यात निखिल तिची गाडी रिकामी करत होता, मी मदतीला गेले होते. डिकीत टेबलाच्या कडेला अडकवायची लहान मुलांची कापडी खुर्ची निघाली. पट्ट्यात वाळलेला भात. निखिल म्हणाला, “आईकडे हे कशाला? आय अ‍ॅम थर्टी-फोर.” मी त्याला शनिवारांचं सांगितलं. आणि मग त्या हॉटेलचंही.

तो डिकीच्या काठावर बसला.

“मला आठवतं ते,” तो म्हणाला. “आई त्यावर कधीच बोलली नाही. आजोबा सॉरी म्हणाले... मला वाटलं, त्यांना माझी लाज वाटली. मग ते कधीच आले नाहीत आमच्याबरोबर जेवायला. आय थॉट इट वॉज मी.”

मी त्याला मेधाताईनं सांगितलेला पुढचा भाग सांगितला. निघताना आजोबांनी टेबलावरच्या टोपलीतला पाव नॅपकिनमध्ये गुंडाळून नव्या कोटाच्या खिशात टाकला होता. गाडीत मागे, त्याच्या शेजारी बसून, घर येईपर्यंत ते त्याला तो भरवत होते. नातू उपाशी आहे, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

“तो पाव... आठवतो मला,” निखिल म्हणाला. आणि खुर्चीच्या पट्ट्यातला वाळलेला भात नखानं काढायला लागला.

आईला सोडून बाकी सगळं विसरण्याच्या वयातलं ते मूल. तीस वर्षं त्यानं ती लाज एकट्यानं बाळगली, त्याच्या आईनं वेगळी, आजोबांनी जाईपर्यंत वेगळी. आणि त्या हॉटेलला त्या संध्याकाळी फक्त एक टेबल रिकामं करून हवं होतं.