सुनेचं हसू नक्की कुठल्या शॉटमधलं

मयेकरकाकी माझ्या उजव्या हाताला बसल्या होत्या, त्यांची सून दीपाली डाव्या हाताला. मधे मी आणि माझा कीबोर्ड. सकाळचे अकरा वाजले होते आणि तासाभरापासून आम्ही तीन सेकंदांवर अडकलो होतो.

"तेवढं काढा मॅडम," दीपाली म्हणाली.

"ठेवा," काकी म्हणाल्या. "अख्ख्या गावाने बघितलंय. आता झाकून काय करायचंय?"

दोघीही माझ्याशी बोलत होत्या. एकमेकींशी नाही. काकींना दीपालीला काही सांगायचं असलं तर त्या मला सांगायच्या. "तिला म्हणावं पंखा वाईच कमी कर." पंख्याचं बटण दीपालीच्या डोक्यामागेच होतं.

मी व्हिडिओ एडिटर आहे. बारा वर्षं मुंबईत टीव्हीच्या कार्यक्रमांचं एडिटिंग केलं, मग रत्नागिरीला परत आले. आता साळवी स्टॉपला मोबाईलच्या दुकानाच्या वर माझी एक खोली आहे. लग्नं, बारशी, शाळांची गॅदरिंग्ज अशी कामं येतात. हातखंब्यापासून पावसपर्यंतच्या निम्म्या नवरदेवांना मी स्लो मोशनमध्ये चालवलं आहे.

या दोघी मिऱ्याच्या, समुद्रकाठच्या. मासेमारीची घरची बोट आहे. काकी साठीच्या पुढच्या, अंगाने किरकोळ, आवाजाने नाही. सासू-सुनांच्या जोडीने स्वयंपाक करायचा अशी एक स्पर्धा टीव्हीवर लागायची. दीपालीने गुपचूप फॉर्म भरला आणि दोघींची निवड झाली. चार फेऱ्या जिंकल्या. पाचवीत बाहेर पडल्या. आता येत्या रविवारी महिला मंडळ त्यांचा सत्कार करणार होतं आणि तिथे पडद्यावर दाखवायला पंचवीस मिनिटांचं हायलाइट्स हवं होतं. म्हणजे सगळ्या एपिसोडमधलं निवडक तेवढं.

फुटेज घरचंच. काकींच्या मुलाने, नितीनने, प्रत्येक एपिसोड टीव्हीसमोर मोबाईल ठेवून रेकॉर्ड केला होता. मोबाईल शोकेसला टेकवलेला, त्यामुळे सगळं जरासं तिरकं. एका एपिसोडमध्ये जज निकाल जाहीर करताना घरातल्या कुकरची शिट्टी होते. दुसऱ्यात कुणीतरी शेजारीण म्हणते, "सरक गो, दिसत नाय." मला ते आवडलं. टीव्हीतल्या टाळ्यांपेक्षा हे आवाज खरे होते. पेन ड्राइव्ह आणि दोघी बायका माझ्या ताब्यात देऊन नितीन निघून गेला. का निघून गेला ते मला तासाभरात कळलं.

भांडण होतं ते पाचव्या फेरीचं. काकींनी बांगड्याचं तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण, केलं होतं, तिरफळं घालून. तिरफळ वासापुरतं असतं. ते ताटात बाजूला काढायचं, चावायचं नाही, हे आपल्याकडे पोरालासुद्धा ठाऊक असतं. जज मुंबईचा. त्याने ते चावलं. त्याचं तोंड बधिर झालं. पाणी प्याला, पुन्हा पाणी प्याला, आणि मग म्हणाला, "आजी, आता या वयात पळी सूनबाईंच्या हातात द्या."

आणि लगेच पडद्यावर दीपालीचा चेहरा. क्लोजअप. छान, मोकळं हसतेय.

तीन सेकंद. पण ते टीव्हीवर लागल्यापासून काकी घरात दीपालीशी कामापुरतंच बोलत होत्या. चूल वेगळी झाली नाही. फक्त आमटी झाली की "गो, मीठ बघ" म्हणायचं त्यांनी बंद केलं. दीपालीने हे मला जिन्यात सांगितलं होतं, काकी मागून एकेक पायरी चढत होत्या तेव्हा.

"मी हसले नव्हते, असं शंभरदा सांगितलं," ती म्हणाली होती. "पण टीव्हीवर दिसतंय ना. आता मलाच वाटायला लागलंय की हसले असेन."

मी तो तुकडा पुन्हा लावला. माझ्या धंद्यात याला रिअॅक्शन शॉट म्हणतात. एक जण बोलतो, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवतात. शूटिंगला कॅमेरे चार-पाच असतात आणि शूटिंग दिवसभर चालतं. एडिटरकडे प्रत्येकीचे तासन् तासचे चेहरे असतात. जज बोलला त्या क्षणाचा चेहरा बेचव असेल, तर दुसऱ्या वेळचा उचलून तिथे लावता येतो. बघणाऱ्याला कळत नाही.

हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि काकींना पटवणं यात मिऱ्या ते हातखंबा एवढं अंतर होतं. पुरावा हवा होता.

मी फ्रेम थांबवून मोठी केली. मोबाईलवरचं रेकॉर्डिंग, त्यामुळे सगळं फुटलेलं. तरी दीपालीचा पांढरा एप्रन नीट दिसत होता. मग मी दोन शॉट मागे गेले. तिथे दोघी जजसमोर उभ्या आहेत, लांबून घेतलेला शॉट. त्यातही दीपालीचा एप्रन दिसतो. छातीवर उजवीकडे हाताच्या पंजाएवढा पिवळा डाग.

दोन्ही फ्रेम मी शेजारी शेजारी लावल्या.

"काकी, हे बघा. इथे डाग आहे. हसताना नाही."

काकींनी चष्मा पुढे सरकवला. बराच वेळ बघितलं.

"पुसला असेल मधे," मी मुद्दामच म्हणाले.

"हळद आहे ती," काकी म्हणाल्या. "मीच सांडली होती तिच्या अंगावर. पुसून जाते होय? उन्हात चार दिवस घालावं लागतं." मग पडद्यावर बोट ठेवून, "मग हे हसणं कधीचं?"

"हळद सांडायच्या आधीचं."

"हसली तर आहेच ना पण. कशाला हसली?"

मी दीपालीकडे बघितलं. तिने खांदे उडवले. "सकाळी आठपासून उभ्या होतो मॅडम. कधी कशाला हसले, काय सांगू?"

आता हा प्रश्न माझा नव्हता. तीन सेकंद काढायचे की ठेवायचे, एवढंच माझं काम. पण एव्हाना मलाच उत्तर हवं होतं. मी विचारलं, "या एपिसोडचा प्रोमो आहे का कुणाकडे?"

प्रोमो म्हणजे आदल्या दिवशी दाखवतात ती छोटी जाहिरात. ती बहुतेक वेळा वेगळी माणसं कापतात, घाईत. एपिसोडच्या एडिटरने कुठला चेहरा कुठे हलवलाय हे त्यांना ठाऊकही नसतं. त्यामुळे प्रोमोमध्ये कधी कधी चुकून खरं राहून जातं.

दीपालीच्या मोबाईलमध्ये होता. महिला मंडळाच्या ग्रुपवर तिने स्वतःच टाकला होता. मी तो मोठ्या मॉनिटरवर घेतला.

अर्ध्या मिनिटाचा प्रोमो. ढोल, धूर, भडकलेला गॅस. आणि मधेच एक शॉट, सासू-सून ओट्याशी शेजारी शेजारी. कार्यक्रमाचा निवेदक, काडीसारखा मुलगा, त्यांना विचारतो, "काय काकी, जिंकायची तयारी?" आणि काकी त्याला विचारतात, "तू जेवलास काय रे?"

शेजारी उभी असलेली दीपाली काकींकडे बघून हसते.

तेच हसू. कपाळावर तीच बट. एप्रन कोरा. एपिसोडमध्ये हाच शॉट त्यांनी झूम करून घेतला होता आणि काकींना फ्रेमबाहेर ठेवलं होतं. बारकाईने बघितलं तर कडेला काकींच्या हिरव्या बांगड्या अर्ध्या दिसत होत्या.

मी प्रोमो दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा काकींनी लावायला सांगितलं.

"बिचारा खरंच जेवला नव्हता," त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं तेवढंच. पण ते मला उद्देशून नव्हतं.

"मग आपला लाडू दिलात तुम्ही त्याला," दीपाली म्हणाली.

"एकच दिला."

"तीन दिलेत, आई."

मला वाटलं झालं. मी चहा सांगायला उठले. तेवढ्यात काकी म्हणाल्या, "बाय, ते लांबचं परत लावा. डागवालं."

लांबचा शॉट. जज पळीबद्दल बोलतोय, मयेकर मंडळी मागे छोटीशी दिसतायत. मी तेवढाच भाग मोठा केला. चेहरे म्हणजे नुसते चौकोन झाले. पण उभं राहण्याची ढब समजत होती. दीपाली जजकडे तोंड करून उभी होती, एक पाऊल पुढे, आणि तिच्या हातातली पळी कोयत्यासारखी वर आलेली. शेजारी काकींचा हात तिच्या मनगटावर.

हा चेहरा चॅनेलने का वापरला नसेल, ते मला समजलं. सासूवर हसणारी सून ओळखीची असते. सासूसाठी जजवर पळी उगारणारी सून दाखवायची तर कार्यक्रमाचं सगळं गणितच बदलावं लागलं असतं.

काकी मॉनिटरच्या अगदी जवळ गेल्या.

"पळी खाली ठेव म्हणून मीच सांगितलं हिला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हटलं, कॅमेरे आहेत गो, खाली ठेव." मग त्या माझ्याकडे वळल्या. "मी तिथे होते ना बाय. हिचा हात मी धरलेला. मग मला कसं आठवलं नाय?"

काकी त्या दिवशी तिथे एकदा उभ्या होत्या. टीव्हीवर तो एपिसोड घरी, शेजारी, मुलीच्या सासरी मिळून सात-आठ वेळा बघितला होता. सात-आठ वेळा बघितलेलं जिंकतं.

दीपालीने उठून पंखा कमी केला.

चहा आला. काकींनी बशीत ओतला, फुंकर मारली आणि मला विचारलं, "तुम्ही केलंय कधी असलं?"

नाही म्हणणं सोपं होतं. "केलंय," मी म्हणाले. "गाण्याच्या कार्यक्रमात. एक मुलगी हरली आणि तिची आई रडतेय असं दाखवलं. ती आई आदल्या दिवशी दुसऱ्याच मुलीचं गाणं ऐकून रडली होती."

"कोणी सांगितलं करायला?"

"वरून सांगितलं. पण केलं मीच. आणि छान जमलं म्हणून सगळ्यांनी पाठ थोपटली."

काकींनी मान हलवली. "त्या बाईला कोण सून होती काय?"

"सून कुठून? तिची मुलगीच लहान होती हो."

"मग सुटली."

काम त्यानंतर भराभर झालं. दीपालीचं हसू आम्ही प्रोमोतल्या जागी लावलं, "जेवलास काय रे" च्या मागे. जजचं बोलणं मी कापायला घेतलं, तर काकींनी हात धरला.

"राहू दे ते."

"अहो, तुमचा अपमान आहे तो."

"असू दे. पण त्याच्या आधी तो तिरफळ चावतो ना, ते नीट दाखवा. तुमचं ते स्लो करता येतं ना, तसं."

मी म्हटलं, सत्काराच्या कार्यक्रमात बरं दिसेल का? दीपाली म्हणाली, "मॅडम, आई म्हणतायत तसं करा."

रविवारी मीही गेले होते, प्रोजेक्टर चालतोय का बघायला. शाळेच्या हॉलमध्ये दीडशेभर बायका, आणि मागे दाराशी उभे पुरुष. आम्ही फक्त उभेच आहोत, बघत नाही, अशा चेहऱ्याने. कुकरची शिट्टी आली तेव्हा हॉल हसला. "सरक गो" आलं तेव्हा ती शेजारीण उभी राहिली आणि तिने हात जोडले. मग जजने तिरफळ तोंडात टाकलं. पडद्यावर त्याचा जबडा सावकाश खाली आला, आणि अख्ख्या हॉलमधून एकदमच आलं, "अरे, चावला मेला." पुढे तो पळीबद्दल काय म्हणाला ते कुणाला ऐकूच गेलं नाही. मला तर वाटतं, काकींनी हा हिशेब माझ्या खोलीतच केला होता. बारा वर्षं एडिटिंग करून मला ते सुचलं नव्हतं.

कार्यक्रमानंतर सरपंचबाईंनी शाल दिली. दीपालीला शाल आधी आणि काकींना नंतर मिळाली, म्हणून काकी थोड्या फुरंगटल्या. पण ते त्यांनी दीपालीलाच सांगितलं, थेट, सगळ्यांसमोर. नितीन जवळच उभा होता. इतका निवांत चेहरा मी बोटीवरच्या माणसाचा मासेमारीच्या पावसाळी बंदीतसुद्धा बघितलेला नाही.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे. लग्नाच्या व्हिडिओत हसरा किंवा रडका क्लोजअप कुठे लावायचा असेल, तर तो मुळात कुठला आहे ते आधी तपासायचं, आणि शंका असली तर त्या माणसालाच विचारायचं. काम लांबतं. फायदा किती होतो, सांगता येत नाही. परवाच एका नवरीच्या मावशीला फोन केला. म्हटलं, कन्यादानाच्या वेळी तुम्ही हसताय असा शॉट आहे, तो नेमका तेव्हाचाच का?

मावशी म्हणाल्या, "मला कसं आठवणार? तुम्ही व्हिडिओत बघून सांगा ना."