सोनूबाईची उसनी सासू

अंकुशनगरात बोलवा उठली, की सोनूबाईनं ट्रेनिंगमध्ये नव्या आशाताईचा गळा दाबला अन् पोरगी जागच्या जागी चक्कर येऊन पडली.

सपशेल खोटं. सोनूबाईनं त्या पोरीला, शीतलला, बोटसुद्धा लावलं नाही. नुसती जीभ लावली. अन् चक्कर कसली, पोरगी हमसून हमसून रडली.

आशाताईंना बाळंतिणीच्या घरी कसं बोलावं ते शिकवणं, हे सोनूबाईचं काम. बाळंतिणीचं पहिलं पिवळं दूध, म्हणजे चीक, घाण म्हणून पिळून फेकायचा अन् बाळाला मध चाटवायचा, ही जुनी खोड. ती मोडायची तर आधी सासू मोडावी लागते. म्हणून वर्गात सोनूबाई स्वतःच सासू व्हायची. पदर खोचायचा, मिश्रीचा ओठ वाकडा करायचा, की झाली सासू.

"तुला किती लेकरं गं?"

"न्हाई अजून," शीतल म्हणाली.

"अन् लग्नाला?"

"चार वर्षं."

"वांझोटी मेली, अन् मला दूध शिकवून राह्यली व्हय!"

बाया खाली बघायला लागल्या. शीतलचे डोळे भरले. "रड, जल्दी रड," सोनूबाई म्हणाली, "तवर बाळ मध चाटून राह्यलंय." अन् पुन्हा पहिल्यापासून.

मग सुरेखा बाळंत झाली. तिची सासू तुळजाबाई ही सोनूबाईची थोरली जाऊ. दोघींत अबोला, सोनूबाई आत गेली असती तर तुळजाबाईनं हट्टानं उलटंच केलं असतं. म्हणून दवाखान्यात शीतलला पुढं धाडून सोनूबाई दाराआड थांबली. डबा घेऊन मीही होते. सोनूबाई माझी मामी.

"मामी, ही रडती बघ. लाव पैज," मी कुजबुजले.

"लावली. हरलीस तर पुढच्या वर्गात तू सून."

आत तुळजाबाईच्या हातात मधाची बाटली. तिनं पदर खोचला, ओठ वाकडा केला. "तुला किती लेकरं गं?"

दाराआड सोनूबाईनं डोळे गच्च मिटले.

शीतल बघतच राहिली. तोच ओठ, तोच सूर. सोनूबाईनं सासू उचलली ती इथून! अन् पोरगी फिस्सकन हसली.

"दात काढायला काय झालं?"

"काय न्हाई, मावशी. आमच्या वर्गातली सासू लई जहाल. आता तुम्ही म्हणणार..." अन् शीतलनं ओठ वाकडा करून पुढचं वाक्य तुळजाबाईच्याच सुरात म्हणून दाखवलं, 'वांझोटी'सकट.

शेजारच्या खाटेवरची बाळंतीण पोटाचे टाके दाबत हसली. खुद्द सुरेखा हसली. तुळजाबाई काळीठिक्कर पडली अन् बाटली घेऊन तरातरा बाहेर निघाली. सोनूबाईनं अबोला मोडला नाही. नुसती वाट दिली. आत बाळ छातीला लागलं अन् चुटूचुटू चीक ओढायला लागलं.

पैज मी हरले. पुढच्या वर्गात सून झाले. डोक्यावर पदर, मांडीवर बाहुली, समोर तालुक्याच्या आशाताई. मी हळूच एक टोमणा मारला, तशी सासू झालेली मामी माझ्यावर वाकली.

"पान्हा फुटंना, अन् तोंड बरं फुटतंय!"