उत्तर कुठे आहे?

आमच्या सरांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं असेल, यावर माझा विश्वास नाही. परदेशात, पामर्स्टन नॉर्थच्या ज्या शाळेत मला नोकरी लागली, तिथे ते कॉम्प्युटर शिकवत. इथे प्रिन्सिपललाही पहिल्या नावाने हाक मारतात. पण तालुक्याच्या शाळेत शिकलेल्या माझ्या जिभेला ते जमेना, म्हणून निदान मराठी बोलणारे हे एकटे तरी माझे 'सर' राहिले. मुलांनी स्वतः शोधावं या ध्यासाने ते इंटरनेटवर शोधमोहिमा रचत: एक कोडं, पाच-सहा दुवे आणि उत्तर कुठेच नाही. ही सवय घरातही शिरली होती. काकूंनी "चहा टाकू का?" विचारलं की म्हणत, "तुला काय वाटतं?" काकूंना वाटायचं, नको. एकदा सरांनी आम्हा चार-पाच जणांना जेवायला बोलावलं, ते पत्त्याऐवजी वेबपेज पाठवून. डायल-अपची खरखर ऐकत, दुव्यामागून दुवा उघडत आम्ही घर शोधून काढलं, तोवर पुऱ्या गार आणि काकू गरम झाल्या होत्या.

"अहो, घर नंबर सांगितला असता तर जीभ झडली असती का?"

सर शांतपणे म्हणाले, "पण आता ते घर विसरतील का?"

शिक्षिका म्हणून माझी पक्की नोंदणी एका तासावर अवलंबून होती. प्रिन्सिपल स्वतः वर्गात बसून पाहणार होत्या. मीही एक शोधमोहीम रचली: शाळेच्या बागेत टोमॅटो कुठे लावावेत? आणि प्रामाणिकपणे शेवटी उत्तरही लिहिलं: इमारतीच्या दक्षिणेला, कारण दुपारी सूर्य दक्षिणेकडे असतो. लहानपणी पाठ केलेलं वाक्य. त्याला मला पैकीच्या पैकी मिळाले होते. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर ते सरांना दाखवलं.

"तू कपडे कुठे वाळत घालतेस?"

"घरामागे, दक्षिणेला. पण तीन-तीन दिवस वाळत नाहीत मेले."

"का बरं?"

"सर, उद्या माझी नोकरी पणाला लागलीय आणि तुम्ही टॉवेलांचं काय घेऊन बसलात! बरोबर की चूक, तेवढं सांगा ना!"

"तुला काय वाटतं?"

तणतणत घरी आले. मागच्या दोरीवर ओला टॉवेल, त्यावर घराची सावली. आणि पुढच्या अंगणात, उत्तरेला, लख्ख ऊन. विषुववृत्त ओलांडून आले होते खरी, पण सूर्य मात्र गावचाच घेऊन आले होते.

उत्तराची ओळ मी पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी मुलांनी दुवे उघडले, मग होकायंत्र आणि काठी घेऊन ती बाहेर धावली आणि भांडत-भांडत उत्तरेच्या भिंतीपाशी पोचली. प्रिन्सिपल "स्वीट ॲज!" म्हणाल्या, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास!' नोंदणी पक्की झाली.

त्या संध्याकाळी गावी फोन केला. तिकडे भर दुपार होती. माझे वडील शाळेची पायरी चढलेले नाहीत. इथला सूर्य उत्तरेकडून जातो, हे ऐकून ते म्हणाले, "मग आपल्याकडं आत्ता सावली कुठं पडती गं?"

उत्तर ओठांवर आलं होतं. ते गिळून मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं, आबा?"

"थांब, बघूनच येतो."

चपलांचा आवाज लांब गेला. फोनकार्डावरची मिनिटं मी जाऊ दिली. मग धापा टाकत आवाज आला, "उत्तरंला! माझी मी बघितली!"

दुसऱ्या दिवशी सरांना हे सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. पुढचा प्रश्न काही त्यांनी विचारला नाही.