दीडपट वेगाने ऐकणारा

डाव्या कानातला इअरफोन काढायचा, तो शर्टाच्या खिशात सोडायचा, डोळे अर्धवट मिटायचे आणि म्हणायचं, "मेहनत दिसते." आमच्या ऑफिसात ही फाशीची शिक्षा समजली जायची. गाणाऱ्याने बिचाऱ्याने नुसते कष्ट केले, बाकी हाती काही लागलं नाही, असा त्याचा अर्थ.

असा एखादा तुमच्याही पाहण्यात असेल. घोडबंदर रोडवरच्या एका उंच इमारतीत आमच्या वेबसाइटचं ऑफिस होतं. मी तिथे उपसंपादक, म्हणजे इतरांचं शुद्धलेखन निस्तरणारी बाई. हा गृहस्थ संगीत-समीक्षक. सूर कशाशी खातात एवढं तरी त्याला ठाऊक असेल असा माझा समज होता. तो फार दिवस टिकला नाही.

त्याचं दुसरं ठेवणीतलं वाक्य, "कात्री हवी होती." अकाउंट्समधल्या बाईंनी लेकीच्या लग्नाचे फोटो दाखवले, तेव्हाही तो हेच म्हणाला. माझ्या डब्यातली भरली वांगी बोटं चाटून खाल्ली आणि वर, "मेहनत दिसते." त्या दिवसापासून मी डबा घेऊन दुसऱ्या टोकाला बसायला लागले.

पण खरी संतापजनक खोड वेगळीच होती. तो कुणालाच वाक्य पुरं करू द्यायचा नाही.

"मला जरा उद्या..."

"सुट्टी हवीय. संपादकांना सांग ना, मला काय सांगतेस?"

मला त्याचा लेख उद्या हवा होता.

"माणसं फार हळू बोलतात गं," असं तो तक्रारीच्या सुरात म्हणायचा. मुलाखतींची रेकॉर्डिंग फोनवर दीडपट वेगाने ऐकायचा, तीही ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कॅबमध्ये बसून. घोडबंदरला गाडी पळत नाही, निदान माणसं तरी पळवावीत, असं त्याचं तत्त्वज्ञान. आणखी एक तत्त्व होतं. कलाकाराने पाठवलेली माहिती तो वाचायचा नाही. माहितीने कान बिघडतात म्हणे.

अशा माणसाकडे 'मार्गे' हा रॅप अल्बम आला. विठ्ठलवाडीची एक मुलगी, दिवसा गणिताच्या शिकवण्या घ्यायची आणि उरलेल्या वेळात हे करायची. तिचे वडील खोपटच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारायचे. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. ती परत यावी म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, पाठ असेल ते रोज म्हणा. त्यांना देवाचं काही पाठ नव्हतं, गाड्या पाठ होत्या. खाटेवर बसून ते गाड्या पुकारत, आणि मुलगी ते रेकॉर्ड करून ठेवी. अल्बम बाहेर यायच्या आधीच ते गेले. त्यांच्या आवाजाभोवती तिने तासाभराहून मोठा अल्बम उभा केला होता.

समीक्षकांनी काय केलं ते सांगते. एकाने तिने पाठवलेलीच माहिती उलटसुलट करून चार तारे दिले. दुसऱ्याने 'रांगडा आविष्कार' म्हटलं. विठ्ठलवाडी म्हटल्यावर या मंडळींना दुसरा शब्द सुचत नाही. तिसऱ्याने अर्धा लेख स्वतःच्या बालपणावर खर्च केला. आमच्या महाशयांनी मात्र फडशाच पाडला. "या गायिकेला दुःखाची घाई आहे. एक शब्द मनात उतरेपर्यंत पुढचे चार अंगावर येतात. गाण्यात आजारी वडिलांचा म्हणून ऐकवलेला आवाज तर सरळ भाड्याने आणलेला आहे. स्टँडवर गाड्या पुकारणाऱ्यासारखा सफाईदार. आजारी माणूस असा बोलत नाही."

लेख तुफान वाचला गेला. खाली लोकांनी शिव्यांची बरसात केली. आजारी माणसाचा आवाज सफाईदार कुठून वाटला, असं जो तो विचारत होता. हा खुर्चीत झुलत म्हणाला, "लोकांना ऐकता येत नाही. आणि मी शब्द मागे घेत नाही. एक मागे घेतला की आधीचे सगळे संशयात येतात."

डोंबिवलीला घरी मेथी निवडताना मी तो अल्बम लावला. तो आवाज सफाईदार नव्हताच. एकेक अक्षर जड पिशवीसारखं उचलून पुढे ठेवावं तसे ते बोलत होते. वाडा. मार्गे. भिवंडी. अंबाडी. ते नाव शोधत, तेव्हा ठेका थांबायचा, मुलगीही थांबायची. त्यांचं झालं की मग ती तिचं सांगायची. माझी मेथी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासमोर उभी राहिले. "तुम्ही नक्की काय ऐकलंत?" त्याने तोऱ्यात फोन काढून गाणं लावलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा होता, १.५. मुलाखतींसाठी ठेवलेला वेग तसाच राहिला होता. मी त्यावर बोट ठेवलं. त्याने पाहिलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"त्याने फरक पडत नाही," म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

मला त्याची इतकी किळस कधीच आली नव्हती. माणूस चुकतो हो, पण एका मेलेल्या माणसाला भाडोत्री ठरवून वर मिशीला पीळ! संपादकांनी दुरुस्ती टाकायला सांगितलं, तर हा राजीनाम्याची भाषा करू लागला.

आणि त्याच आठवड्यात ती मुलगी ऑफिसात आली. सोबत आई. मुलगी दारातूनच तडकली, "सर, ऐकलं तरी का? की असंच फेकून दिलं? माझ्या बापाला भाड्याचा बोलताय?"

"गप गं," आई म्हणाली. "साहेब, आम्ही भांडायला नाय आलेलो. म्हणजे ही आलेली, मी नाय. तुम्ही लिवलंय, त्यांचा आवाज सफाईदार. आजारपणानंतर त्यांना तसं कोण बोललंच नाय. आधी मात्र सगळे बोलायचे. तुम्ही त्यांना ऐकलेलं का हो, आधी? खोपटला?"

मला खात्री होती, तो "हो" म्हणणार. नुसत्या एका "हो"ने त्याचा शब्दही राहिला असता आणि त्या बाईंचं मनही. त्यांना तेच हवं होतं. त्याने मात्र खिशातला फोन बाहेर काढला.

"नाही," तो म्हणाला. "मी त्यांना कधी ऐकलं नाही. फोन दीडपट वेगावर होता. मी पाहिलंच नाही. माझं चुकलं, वहिनी."

मुलगी हसली, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. "आई, चल. झालं ना तुझं?"

आई हलली नाही. "दीडपट म्हंजे? लावा ना तसंच."

त्याने लावलं. फोन टेबलावर ठेवला. आणि आमच्या त्या एसी ऑफिसात एक धडधाकट माणूस खणखणीत आवाजात बोलू लागला. वाडा, मार्गे भिवंडी, अंबाडी, कुडूस. प्रवाशांनी कृपया.

बाईंनी टेबलाची कड धरली. "हेच ते," त्या म्हणाल्या. "अस्सेच बोलायचे. रोज ऐकायला जायची मी, लग्नाआधी." मुलगी आमच्याकडे पाठ करून खिडकीशी गेली. बाईंनी पदराच्या टोकाने स्वतःचा फोन पुसून त्याच्यापुढे धरला. "माझ्यात पण करून द्या. आणि मला शिकवा, कुठं दाबायचं."

तो शिकवत बसला. त्या विसरत होत्या, पुन्हा विचारत होत्या, आणि तो पुन्हा दाखवत होता.

दुरुस्ती त्याने स्वतः लिहिली, स्वतःच्या नावाने, कसलीही सारवासारव न करता. मग इतर समीक्षक त्याच्यावर तुटून पडले. त्यांतल्या किती जणांनी तो अल्बम शेवटपर्यंत ऐकला होता, देव जाणे. महिन्याभरात त्याने नोकरी सोडली. त्याच्या जाण्याचं ऑफिसात कुणाला वाईट वाटलं नाही, मलाही नाही. वांग्यांचं मी अजून विसरलेले नाही.

मागे एकदा खोपटला मुरबाडची गाडी पाहायला गेले, तेव्हा तो बाकावर दिसला. दोन्ही कानांत इअरफोन. कुठे निघाला होता कोण जाणे. मला पाहून त्याने दोन्ही काढले.

"मला ना, त्या..." मी म्हणाले आणि गावाचं नाव ऐनवेळी जिभेवरून उडालं. मुरबाडच्या पुढचं साधं नाव, पण आठवेचना. आता हा काहीतरी भलतंच ठोकून देणार, म्हणून मी मनातल्या मनात दात-ओठ खाल्ले.

तो माझ्याकडे बघत, मला ते नाव सापडेपर्यंत थांबला.