झेड ड्राइव्हवरचा श्रीकार

अंधेरी पूर्वेला एका आर्किटेक्टबाईंच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळतो. हुद्दा विभागप्रमुखाचा आहे. विभागात मी एकटाच. जुना सर्व्हर घरघर करायला लागला तेव्हा मॅडमना पटवून मी सगळे नकाशे क्लाउडवरच्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या गोदामात, हलवले. आमच्या कॉम्प्युटरना त्या स्टोरेजची भाषा येत नाही, त्यांना नेटवर्कवरचा साधा झेड ड्राइव्ह लागतो. म्हणून मध्ये एक गेटवे बसवला, दुभाष्यासारखा. आणि सगळ्यांना जमवून भाषण ठोकलं, की तुम्हाला काडीचाही फरक जाणवणार नाही.

"फोल्डर तोच ना रे?" काकांनी विचारलं. काका म्हणजे आमचे सर्वांत जुने ड्राफ्ट्समन, मूळचे मालवणकडचे, आता कांदिवलीकर. ऑफिसातला प्रत्येक नकाशा कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेलेला.

"तोच काका, अगदी तोच."

खरं तर तिथे फोल्डर नावाची वस्तूच नसते. प्रत्येक फाइलला एक लांबलचक नाव असतं आणि त्या नावाचा सुरुवातीचा भाग आपल्याला फोल्डर म्हणून दाखवला जातो. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण ते सांगत बसलो असतो तर माझ्या भाषणाचा रुबाब गेला असता.

आणखी एक शहाणपणा केला होता. आमच्या मुख्य फोल्डरचं नाव 'श्री कामे' होतं. हलवताना मी त्यातला श्री काढून टाकला. नावं सुटसुटीत हवीत, असं माझं तांत्रिक मत.

हे सगळं हलवून झालं खंडेनवमीच्या आदल्या रात्री. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. हत्यारं म्हणजे जुना टी-स्क्वेअर, मोजपट्ट्या आणि झेंडू लावलेले कॉम्प्युटर. पूजा आटोपून काका जागेवर बसले, तर फोल्डरवर श्री नाही. त्यांनी कुंकवाच्या बोटाने माउस धरला आणि नाव बदलून पुन्हा 'श्री कामे' करून टाकलं. जुन्या सर्व्हरवर डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं असतं. इथे बिचारा गेटवे एकेक फाइल नव्या नावाने पुन्हा लिहायची आणि जुनी काढून टाकायची, या कामाला जुंपला गेला. सगळ्यांचे स्क्रीन थिजले. काकांना फोल्डर अर्धा रिकामा दिसला.

"कोणी हात लावला?" मॅडमनी केबिनच्या दारातून विचारलं.

"मीच," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "माझ्या हातान वाट लागली रे. सगळे नकाशे गेले."

पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं, की काहीही गेलेलं नाही. नुसतं थांबायचं होतं. पण ते सांगायचं तर फोल्डरचं खरंही सांगावं लागणार, आणि 'काडीचाही फरक' म्हणणारा मी उघडा पडणार. म्हणून चेहरा गंभीर करून म्हणालो, "बघतो." आणि काळ्या स्क्रीनवर खटाखट टाइप करत बसलो. काय टाइप केलं ते विचारू नका. एकदा तर नुसतीच तारीख विचारली कॉम्प्युटरला.

लोक येऊन माझ्या पाठीवर हात ठेवून जात होते. कोणीतरी चहा आणून दिला. काकांकडे कोणी फिरकलं नाही. त्यांच्या टेबलावर प्रसादाचा पेढा तसाच होता आणि ते दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले होते, पुन्हा कशाला धक्का लागू नये म्हणून. ते बघून मला स्वतःची किळस आली. तरी अजून अर्धा तास मी टाइप करत राहिलो, हेही सांगून टाकतो.

शेवटी खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी बसलो. "काका, काही गेलेलं नाही. नावं बदलतायत, होईल तासाभरात. चूक माझी आहे. तो फोल्डर तोच नव्हता."

"म्हणजे मी काही पुसलं नाही?"

"एकही फाइल नाही."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मग घड्याळाकडे बघितलं. दीड वाजला होता.

"तुला कधी कळलं हे?"

खोटं बोलायची अजून एक संधी होती. "साडेअकराला," मी म्हणालो.

काकांनी पेढा उचलला, अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला.

"खा," ते म्हणाले, "आणि आता मॅडमना सांग. इथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं."