ब्रेकला जागा नसलेलं हँडल

राग अजून गेलेला नाही. तो नेमका कोणावर आहे, हेही मला नीट सांगता येत नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पप्पा फौजेत हवालदार, आम्ही दिल्ली कॅन्टमधल्या क्वार्टरमध्ये राहतो. कॉलेजात फिक्सी चालवणाऱ्या मुलांचा एक ग्रुप आहे. फिक्सी म्हणजे अशी सायकल की मागचं चाक फिरतं तोवर पेडलही फिरतच राहतं. पाय थांबवून नुसतं बसता येत नाही. रविवारी सकाळी ती मुलं लांब फिरायला जातात. मला त्यांच्यात जायचं होतं. खरं म्हणजे कॉलेजात मला दुसरं कोणी नव्हतंच.

पप्पांनी फिक्सी बनवायला त्यांची जुनी काळी सायकल दिली. म्हणाले, "फ्रेम घे. पण ब्रेक ठेव."

ग्रुपमधला एक सीनियर पार्ट निवडायला माझ्याबरोबर करोल बागेत आला. मी एक रुंद, सरळ हँडल उचललं. त्यावर ब्रेकच्या लिव्हरला जागा होती.

"यार, ये तो दूधवाले का हँडल है," तो म्हणाला. त्याच्या घरी एक जास्तीचं पडलं होतं, जेमतेम दीड वीत रुंद. दोन मुठी बसल्या की संपलं. "ब्रेक लगाया तो सब हँसेंगे. पैर ही ब्रेक है." आणि त्याने दुकानासमोर करूनही दाखवलं. जोरात आला, पाय आवळले, मागचं चाक घसरलं आणि तो माझ्या बुटाला न लागता उभा राहिला.

हे मी लक्षात ठेवलं आहे. त्याला थांबता येत होतं.

मी चेन आणि पेडलला पाय अडकवायचे पट्टे घेतले. हँडल त्याचंच वापरायचं ठरलं. शनिवारी ते बसवायला तो आमच्याकडे आला. आई सकाळपासून मला विचारत होती, "त्याला तिखट चालतं का रे?" हँडल बसवून झाल्यावर आम्ही दोघं आपापल्या सायकली घेऊन बाहेर पडलो. मी त्याला आधीच सांगितलं होतं की संध्याकाळी झेंडा उतरवताना बिगुल वाजतो, तेव्हा जिथे असू तिथे उतरून सावधान उभं राहायचं.

"ओके, फौजी," तो हसला होता.

बिगुल वाजला. मी धडपडत का होईना, उतरलो. समोरून पप्पा भाजीची पिशवी घेऊन येत होते, तेही जागच्या जागी उभे राहिले. तो मात्र उतरला नाही. तो पप्पांभोवती गोल फिरायला लागला.

"अंकल, क्या करूँ, ये रुकती ही नहीं!"

पुन्हा एक फेरी मारली. मग त्याचं पेडल पिशवीला अडकलं आणि टोमॅटो रस्त्यावर पसरले. एक त्याच्या चाकाखाली चिरडला. पप्पांची नजर समोरच होती. मीही हात मांड्यांना चिकटवून उभा होतो. बिगुल संपेपर्यंत आम्ही दोघंही हललो नाही.

नंतर पप्पा वाकून टोमॅटो गोळा करायला लागले.

"सॉरी अंकल, इसमें ब्रेक नहीं होता."

पप्पा हसले. "कोई बात नहीं बेटा. खाना खाके जाना."

घरी मी त्यांना नळापाशी गाठलं. "पप्पा, त्याला थांबता येत होतं."

"मला काय दिसत नाही?"

"मग जेवायला कशाला थांबवलंत?"

ते टोमॅटो धूत राहिले. "तुझ्या कॉलेजातला आहे. तिथे आपल्या ओळखीचं दुसरं कोण आहे? उद्या उपयोगी पडेल."

तो आत जेवत होता. मी बाहेर जाऊन षटकोनी ॲलन पान्याने माझ्या सायकलवरचं त्याचं हँडल सोडवलं.

तो हात पुसत बाहेर आला. "ये क्या कर रहा है?"

"भैया, ये आपका हँडल."

"अरे, एक टमाटर के लिए? मज़ाक था यार. संडे को नहीं आएगा?"

"बिल्कुल नहीं." मी हँडल त्याच्या हातात कोंबलं. तेवढ्यात आईने दारातून विचारलं, "अजून एक पोळी घेणार का, त्याला विचार ना." मी विचारलं नाही.

आता माझ्या सायकलला दूधवाल्याचं हँडल आहे आणि पुढे ब्रेक आहे. पप्पांनी लिव्हर दाबून सायकल पुढे ढकलून पाहिली, मान डोलावली. रविवारी मी एकटाच द्वारकेपर्यंत जाऊन येतो.

परवा पप्पांनी विचारलं, "तुझा तो मित्र येत नाही आता? बोलाव की एकदा."

मी चेनला तेल देत होतो. वर पाहिलं असतं तर त्यांना लागेल असं काहीतरी बोलून गेलो असतो.