चार दिवस म्हणजे चारच

मखमलाबादच्या चंद्रभागेला कुणी शिक्षण विचारलं, तर ती शेवंतीच्या वेण्या बांधता बांधता सांगायची, "आठवीत हाय. चार दिवस सुट्टी घेतलीय." ऐकणारा हसायचा, तीही हसायची. पण थट्टा अर्धीच होती. ती आठवीत असताना गल्लीत गोवराची साथ आली आणि वडील म्हणाले, चार दिवस घरी राहा. साथ गेली, पण तोवर घराला फुलं तोडायला एक हात सापडला होता. चार दिवसांचं वर्ष झालं, मग लग्न झालं, आणि दप्तराचं काय झालं ते कुणी विचारलंही नाही.

आता तिची लेक उज्वला दहावीत होती आणि दोन हजार नऊच्या ऑगस्टात स्वाइन फ्लूने सगळ्यांची झोप उडवली होती. शाळा आठवडाभर बंद राहिल्या. उघडायच्या आदल्या दिवशी पंचवटीतल्या शाळेच्या बाईंचा निरोप आला: मुलांना पाठवायचं की नाही ते पालकांनी ठरवावं, पाठवलं तर तोंड झाकून पाठवावं. ठरवा म्हणायला काय जातं!

घरात ठरवणारे एकच, सासरे खंडेराव. सगळे त्यांना नाना म्हणत. "पोरीच्या जिवापरीस शाळा मोठी हाय का?" नाना म्हणाले. "राहू दे चार दिवस घरी. गणपतीचा बाजार तोंडावर आलाय, हाताशी येईल." नवरा संतोष नानांपुढं कधी बोलला नव्हता, तो आजही बशीतल्या चहाकडे बघत बसला.

'चार दिवस' ऐकलं आणि चंद्रभागेला आपलं दप्तर आठवलं. नानांची माया खोटी नव्हती, हेच तर अवघड होतं. तिच्या वडिलांची तरी कुठं खोटी होती! ती पदर खोचून म्हणाली, "नाना, शाळेत जाईल ती. झाकून जाईल."

पण झाकायचं कशाने? पंचवटीतल्या औषधांच्या दुकानांतून मास्क गायब झाले होते. रविवार कारंज्यापर्यंत पायपीट केली, तिथंही दुकानदाराने हात हलवूनच नाही म्हटलं. जूनमध्ये वह्या-पुस्तकांसाठी जमणारी आयाबायांची गर्दी आता कापराच्या वड्या, वेलदोडे आणि निलगिरीच्या बाटलीसाठी जमली होती. कुणी म्हणे कापूर हुंगा, कुणी म्हणे तुळस चावा. चंद्रभागेने थोडा कापूर घेतला आणि घरी येऊन नानांची पेटी उघडली. रामाच्या रथाच्या मिरवणुकीला नेसायचं त्यांचं लाल काठाचं ठेवणीतलं धोतर तेवढं मऊ आणि दाट होतं. तिने देवाचं नाव घेतलं आणि कात्री चालवली.

सकाळी नातीच्या तोंडावर आपला लाल काठ बघून नाना जे उभे राहिले, ते उभेच. "माझं धोतर!"

"तुमचंच हाय म्हणून तर तिला बाधा व्हायची नाय," सून म्हणाली. म्हातारा मिशीतल्या मिशीत पुटपुटत मळ्याकडे गेला.

इथवर सगळं झकास जमलं होतं. चूक झाली ती पुढं, आणि तीही फुलवाल्याच्याच घरी व्हावी अशी. गुलाबावर गंधक धुरळताना चंद्रभागा नाकाला ओलं फडकं बांधायची, फुलंही ओल्या फडक्यातच टवटवीत राहायची. ओलं ते चांगलं, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. तिने मास्कही ओला करून बांधला, वर बजावलं, "सुकला की नळाखाली धर." बाहेर श्रावणाची भुरभुर, आणि पोर दिवसभर ओल्या फडक्यातून श्वास घेत बसली. तिसऱ्या दिवशी उज्वला वर्गात शिंकली. अख्खा वर्ग भिंतीला चिकटला. शिपाई तिला घरी घेऊन आला.

चंद्रभागा तिला घेऊन तशीच दवाखान्यात गेली. 

डॉक्टरांनी तपासलं. ताप नव्हता, घसा साफ होता. मास्कला हात लावून त्यांनी कपाळावर आठ्या घातल्या. "अहो ताई, हे कोरडं बांधायचं असतं. ओल्याने सर्दी वाढेल नाही तर काय? घाबरू नका. पण दिवस साथीचे आहेत, चार दिवस घरीच ठेवा."

पुन्हा तेच शब्द, आणि या वेळी चूक तिची स्वतःची. दुसरी एखादी सर्दी लपवून पोरीला धाडती. चंद्रभागेने तसं केलं नाही. बाकीच्या बेंचांवरही कुणाच्या तरी लेकी बसतात, हे तिला कळत होतं. ती थेट शाळेत गेली आणि फाटकापाशी जमलेल्या पालकांना म्हणाली, "पोरीला मीच ओलं फडकं बांधलं. चूक माझी हाय. चार दिवस ती यायची नाय. तिचा अभ्यास मी घेऊन जाईन." आणि खरंच, रोज बाजार उरकला की ती फाटकाबाहेर उभी राहायची. बाई दुरूनच सांगायच्या, त्रिकोणाचं अमुक प्रमेय, इतिहासाचा तमुक धडा, आणि ही ते घोकत घोकत घरी यायची. अशा बाईला काय म्हणावं? मी तर हात जोडतो.

पाचवा दिवस उजाडला तो गणपतीच्या आदल्या दिवसाचा. फुलवाल्यांची दिवाळी हीच. उज्वलाची सर्दी गेली होती. टेम्पोत झेंडूच्या पाट्या चढल्या तसे नाना म्हणाले, "आजच्या दिवस पोरीला बाजारात घे. शाळा काय, गणपती झाल्यावर."

चंद्रभागेने हातातली पाटी खाली ठेवली. "नाना, मला बी असंच म्हणले होते. चार दिवस म्हणून बसले, ती आजपातुर बसलेय." तिने उज्वलाचं दप्तर उचललं. "चार दिवस म्हंजे चारच. आज मी तिला शाळेत सोडणार. बाजार बुडाला तर बुडू द्या."

 मग दोरीवर वाळत घातलेला लाल काठाचा मास्क नानांनी काढला, कोरडा आहे ना ते गालाला लावून पाहिलं, आणि नातीच्या हातात दिला.

त्या दिवशी पंचवटीच्या बाजारात उमर सरलेला एक म्हातारा पहिल्यांदाच झेंडू विकायला बसला. भाव सांगता येईना, हार धड बांधता येईना. नेहमीच्या गिऱ्हाइकाने विचारलं, "आज चंद्रभागाबाई नाहीत?"

"सून शाळेत गेलीय, नातीला सोडायला," नाना म्हणाले, आणि डोळे पुसून पुन्हा सुईत दोरा ओवायला लागले.